नकाशावर रेघ ओढायच्या आधी: लाईट रेलचं जाळं कसं वाढवायचं, बेळगावचं उदाहरण घेऊन

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला प्रोजेक्ट मिळालाय शहरातल्या लाईट रेलचं जाळं कसं वाढवायचं याचा. मागच्या रविवारी बेळगावचा मोठा नकाशा गुंडाळून घेऊन आला, जेवणं झाल्यावर जमिनीवर पसरला, बघतो तर पाच रंगांच्या पाच लाईनी, तांबडी सांबऱ्याला, हिरवी मच्छ्याला, निळी हिंडलग्याला, पिवळी काकतीला, जांभळी येळ्ळूरला, आणि सगळ्या येऊन मिळतात चन्नम्मा सर्कलला. "मामा, कसं झालंय सांगा." नकाशा देखणा झालेला. पण मी त्याला विचारलं, ह्या सर्कलमधून तासाला गाड्या किती जाणार ते काढलंस काय, आणि रात्री ह्या सगळ्या गाड्या उभ्या कुठं करणार? पोरगं गप्प झालं.

मी पंचवीस वर्षं रस्त्यांच्या सर्व्हेत काढली, थिओडोलाइटपासून टोटल स्टेशनपर्यंत मोजणीची सगळी यंत्रं खांद्यावरून वाहिलीत, म्हणून त्या रात्री बारापर्यंत आम्ही दोघं त्या नकाशावरच बसलो. जे बोललो ते इथं लिहितोय. बेळगावात लाईट रेल नाही हे मलाही माहीत आहे, पण पायाखालच्या रस्त्यावर हिशोब मांडला की तो डोक्यात बसतो, म्हणून उदाहरण आपलंच घेतलंय. बाहेरच्या शहरांचे अनुभव लागतील तिथं सांगतो.

आधी लाईट रेल म्हणजे काय ते थोडक्यात. रस्त्याच्या पातळीवर, शक्यतो स्वतःच्या राखीव पट्ट्यातून धावणारी विजेची छोटी रेल्वे, ट्रामची सुधारलेली बहीण. तीसेक मीटरची गाडी, त्यात दाटीनं दोनशे माणूस, स्टॉप साधारण अर्ध्या किलोमीटरवर, सिग्नल आणि स्टॉप धरून तासाला १८ ते २५ किलोमीटरचा वेग. मुंबईत १८७४ पासून ट्राम होती, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. कोलकात्यात १९०२ मध्ये विजेची सुरू झाली. आपल्याकडं केंद्रानं २०१९ मध्ये मेट्रोलाइट ह्या नावानं याचे निकष काढले, तासाला एका दिशेनं १५,००० माणसांपर्यंतच्या मार्गासाठी.

आता कामाचं. विस्तार म्हटलं की सगळ्यांना लांबी दिसते, आणखी चार किलोमीटर, आणखी दोन गावं. पण आधी हे बघायचं की आहे ती लाईन कुठं भरतीय, कुठं अडकतीय आणि माणूस अजून किती लांबून चालत किंवा वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, येऊन तिला गाठतोय. हे कळायला माणसं मोजावी लागतात, दुसरा रस्ता नाही.

मोजायचं कसं? मंगळवार, बुधवार, गुरुवार यातला दिवस घ्या, सोमवारी आणि शुक्रवारी प्रवासाचा पॅटर्न वेगळा असतो, आणि शनिवारी आपल्याकडं बाजार, म्हणून शनिवार वेगळा मोजायचा पण मोजायचाच. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. वहीत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा, बस, वडाप, रिक्षा, टू-व्हीलर, सायकल, पायी, असे वेगळे, आणि गाड्या नाही तर गाडीतली माणसं लिहा. एकानं एकच दिशा बघायची. दोन दिशा एकटा मोजायला गेलात की पहिल्या अर्ध्या तासातच वहीचा विचका होतो, मी स्वतः करून बसलोय.

आम्ही दोघं असंच टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ उभे राहिलो. गेट पडलेलं, दोन्ही बाजूला गाड्या तटलेल्या, एक आजी डोक्यावरची बुट्टी खाली ठेवून आमच्याकडं बघत होत्या. "काय करूलासा हितं उभं राहून?" भाच्यानं सांगितलं, आजी माणसं मोजालोय. म्हणाल्या, "मग माझं दोनदा लिव्ह. मी येळ्ळूरहून एक बस धरून स्टँडला येतो, तिथनं केएलईला दुसरी." भाचा हसला, पण मी त्याला म्हटलं हे वहीत वेगळ्या पानावर लिहून घे. कारण गेटावर आपण त्या आजींना एकदाच मोजलं, पण त्यांचा खरा प्रवास गावापासून केएलई हॉस्पिटलपर्यंतचा आहे, मध्ये स्टँडवर अर्धा तास नुसता उभं राहण्यात गेला. नुसतं एका जागी किती माणूस जातो हे कळून भागत नाही, कुठून निघाला आणि कुठं पोचायचंय हे विचारावं लागतं. शंभर माणसांना विचारा, दोनशेंना विचारा. कागदावर एका बाजूला गावं, दुसऱ्या बाजूला ठिकाणं, जिथं आकडा मोठा तिथं सरळ गाडी पाहिजे, मध्ये बदलायला लावायची नाही.

ह्याच कागदावर एक गोष्ट अशी दिसली जी कुठल्याच सरकारी लोकसंख्येत दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव आसपासच्या वस्तीसकट ६ लाख १० हजार. पण बाजाराला, हॉस्पिटलला, कॉलेजला येणारा चंदगडचा माणूस त्यात नाही, तो महाराष्ट्रात मोजला गेला, शिनोळीच्या पलीकडं. खानापूर तालुक्यातला, बैलहोंगलचा, हुक्केरीचा माणूसही शहराच्या आकड्यात नाही. राज्याची हद्द कागदावर आहे, वेंगुर्ला रोडवरच्या सकाळच्या बसमध्ये ती दिसत नाही. म्हणून सीमाभागातल्या कुठल्याही शहराचं प्लॅनिंग करताना लोकसंख्येच्या आकड्यावर थांबू नका, शहराच्या तोंडाशी, म्हणजे हिंडलगा, पिरनवाडी, काकती, सांबरा अशा ठिकाणी येणारी माणसं मोजा.

आणि कर्नाटकात आणखी एक धरावं लागतं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडतो, म्हणजे प्रत्येक प्रवासाची नोंद होते, प्लॅनिंग करणाऱ्यासाठी हा सोन्यासारखा डेटा आहे, तो मागायला शिका. पण दुसरी बाजू अशी की उद्या लाईट रेलला वीस रुपये तिकीट आणि शेजारून जाणारी बस फुकट असं झालं, तर त्या येळ्ळूरच्या आजी कशाला रेलमध्ये चढतील? भाच्याच्या रिपोर्टमध्ये अर्ध्या प्रवासी बायका धरलेल्या होत्या आणि सगळ्या पूर्ण तिकीट काढणार असं गृहीत धरलं होतं. भाडं आणि बसचे मार्ग दोन्ही एकत्र ठरवल्याशिवाय प्रवाशांचा अंदाज काढूच नका.

आता तो हिशोब जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, वही-पेन घेऊन बसा.

समजा पहिली लाईन १२ किलोमीटरची आहे, स्टँडपासून उद्यमबागवरून मच्छ्यापर्यंत. सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला तर एका बाजूला ३६ मिनिटं. जाऊन-येऊन ७२. दोन्ही टोकांना गाडी फिरवायला, ड्रायव्हरला पाणी प्यायला पाच-पाच मिनिटं, झाली ८२. दर ८ मिनिटाला गाडी पाहिजे, तर ८२ भागिले ८ म्हणजे सव्वादहा, वर पकडायचं, ११ गाड्या. शिवाय दोन गाड्या दुरुस्तीसाठी राखीव.

आता ही लाईन ४ किलोमीटर वाढवा. १६ किलोमीटरला त्याच वेगानं ४८ मिनिटं, जाऊन-येऊन ९६, टोकाचे १० मिळवून १०६, भागिले ८, झाल्या १४ गाड्या. म्हणजे चार किलोमीटर रूळ तर टाकायचेच, वर तीन गाड्या जास्तीच्या घ्या, त्यांचे ड्रायव्हर घ्या, त्यांना उभं करायला जागा घ्या.

पण रूळ वाढवायच्या आधी जुन्याच लाईनीवर सिग्नल असे केले की गाडी जवळ आली की तिला हिरवा मिळेल, रिक्षा आणि पार्किंग पट्ट्यातून हटवलं, आणि वेग २० वरून २४ झाला, तर काय होतंय बघा. १२ किलोमीटरला ३० मिनिटं, जाऊन-येऊन ६०, टोकाचे धरून ७०, भागिले ८, फक्त ९ गाड्या. दोन गाड्या मोकळ्या झाल्या की हो! आणि आता वाढवलेली १६ किलोमीटरची लाईन ह्याच वेगानं काढा: ४० आणि ४० ऐंशी, अधिक १०, नव्वद, भागिले ८, १२ गाड्या. म्हणजे आधी ११ लागत होत्या, आता चार किलोमीटर वाढवूनही १२. भाच्यानं हे तीनदा करून बघितलं, मग म्हणाला मामा हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. झ्युरिकवाल्यांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वे मतदानात नाकारली आणि ट्रामलाच सिग्नलवर पहिला मान दिला, आज तिथली ट्राम त्याच जोरावर चालते. म्हणून माझा ठाम सल्ला, कुठलाही विस्तार मांडताना पहिला खर्च जुन्या लाईनीचा वेग वाढवण्यावर लिहा, रूळ त्यानंतर.

सर्कलचा हिशोबही असाच. पाच लाईनी, प्रत्येकीवर ८ मिनिटाला गाडी म्हणजे तासाला साडेसात, दोन्ही दिशांनी पंधरा, पाच लाईनींच्या पंचाहत्तर. दर ४८ सेकंदाला एक गाडी चन्नम्मा सर्कलमधून. मग बाकीच्या वाहनांना सिग्नल कधी देणार, आणि पायी माणूस कधी ओलांडणार? लाईनी एका ठिकाणी गोळा करायच्या नाहीत, दोन किंवा तीन ठिकाणी एकमेकीला छेद द्यायचे, एकीची भेट सर्कलला, दुसरीची गोगटे सर्कलला, तिसरीची आणखी लांब. कॅनडातल्या कॅल्गरीची लाईट रेल १९८१ ची, तिथं दोन्ही लाईनी गावाच्या मध्ये एकाच रस्त्यावरून जातात, वर्दळ वाढल्यावर गाड्या जास्त सोडायला जागा उरली नाही, मग तीन डब्यांच्या गाड्या चार डब्यांच्या करायला जुने प्लॅटफॉर्म पाडून लांब बांधावे लागले. म्हणून आज ३० मीटरची गाडी असेल तरी स्टॉपला ६० मीटरची सरळ जागा नकाशावर धरून ठेवा, बांधू नका पण दुसऱ्या कुणाला बांधू देऊ नका.

रस्त्याची रुंदी मोजायची ती भिंतीपासून भिंतीपर्यंत, डांबराच्या कडेपासून नव्हे. पहाटे जावा, सहाच्या आत, टेपची दोन टोकं धरायला दोघं पाहिजेत. दोन रुळांना सरळ भागात साधारण ७ मीटर लागतात. एका बाजूला एक लेन धरली तरी दोन्हीकडच्या मिळून ७, फूटपाथ दोन्हीकडं दोन-दोन मीटर, स्टॉप असेल तिथं प्लॅटफॉर्मचे ३, झाले २१ मीटर. आता तुमचा रस्ता कागदावर २४ मीटर असेल, पण टेप लावली की मध्ये ट्रान्सफॉर्मरचा कट्टा येतो, गटाराची फरशी येते, एखादं जुनं झाड येतं, दुकानाच्या पायऱ्या येतात. आम्ही खानापूर रोडला एका ठिकाणी मोजलं तर कागदातली रुंदी आणि हातात आलेली यात एका लेनचा फरक. प्रत्येक शंभर मीटरला एक माप, आणि जिथं सगळ्यात अरुंद तेच माप धरायचं, सरासरी काढून स्वतःला फसवू नका, गाडी सरासरीतून जात नाही.

वळणाला कंपास वापरा. ट्रामला कमीत कमी २५ मीटर त्रिज्येचं वळण लागतं, तेही कर्कश आवाज करत, हळू. १:१००० च्या नकाशावर अडीच सेंटीमीटरची त्रिज्या घ्या आणि वळणावर ठेवून बघा. गणपत गल्ली, खडेबाजारच्या बाजूला हा गोल कुठंच बसत नाही, घरंच पाडावी लागतील, म्हणून जुन्या गावात लाईन न्यायची नाही, त्याच्या कडेनं न्यायची आणि आत चालत पाच मिनिटांत पोचता येईल असा फूटपाथ करायचा. चढ शंभर मीटरला सहा मीटरपेक्षा जास्त नको.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, रेल्वे. मिरज-लोंढा लाईन गावाच्या मधून जाते आणि टिळकवाडीची गेटं आपण सगळ्यांनी भोगलीत, तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल आहे. लाईट रेलचा रूळ मेन लाईनला जमिनीवर ओलांडू शकेल असं धरूच नका, त्याला पूल लागेल, आणि एक पूल म्हणजे कितीतरी किलोमीटर रुळांचा पैसा. काँग्रेस रोड रेल्वेला समांतर जातो म्हणून लाईन तिथनं घ्यायचा मोह होतो, रस्ता बऱ्यापैकी मोकळा आहे, पण टिळकवाडीतला माणूस रुळाच्या पलीकडं राहतो, त्याला स्टॉपवर यायला पायी पूल किंवा भुयार त्याच बजेटमध्ये धरा. नंतर बघू म्हटलेला पादचारी पूल नंतर होत नाही.

जर्मनीत कार्ल्सरूह नावाचं शहर आहे, तिथं १९९२ पासून ट्राम गावातून निघून सरळ मेन रेल्वेच्या रुळांवर चढते आणि शेजारच्या गावाला जाते. भाच्याला हे फार आवडलं, म्हणाला देसूर, खानापूर, सुळेभावी सगळं जोडता येईल. कल्पना चांगली आहे, पण त्यांचे दोन्ही रूळ एकाच मापाचे, १,४३५ मिलिमीटर. आपली रेल्वे १,६७६ ची. शिवाय प्रत्येक पावलाला रेल्वेची परवानगी. त्यापेक्षा खानापूरपासून घटप्रभेपर्यंत दिवसभर लोकल गाड्या मागायच्या आणि लाईट रेलचा स्टॉप बेळगाव स्टेशनच्या दारात आणायचा, म्हणजे माणूस पावसात न भिजता एकीतून उतरून दुसरीत चढेल. ऑगस्टमधला आपला पाऊस आडवा येतो, त्यामुळं हा छप्पर असलेला रस्ता नकाशावर मीटरात काढा.

कॅम्पातून लाईन नेणार असाल तर जमीन संरक्षण खात्याची, तिथं परवानगी दिल्लीहून येते आणि वर्षं जातात. पर्यायी मार्ग आधीच आखून ठेवा.

गणपतीचं लिहायलाच पाहिजे, कारण बाहेरचा सल्लागार आला की त्याला हे माहीत नसतं. लाईट रेलची वीज वरच्या तारेतून येते, तार साधारण साडेपाच-सहा मीटरवर. हुतात्मा चौकातून कपिलेश्वर तलावापर्यंत विसर्जनाची मिरवणूक आणि शिवजयंतीचे चित्ररथ ज्या रस्त्यानं जातात तिथं तार टाकली तर वर्षातून दोनदा तार उतरवायची की देखावे बुटके करायचे असं भांडण लागणार, ते कोण झेलणार? ह्याला उपाय आहेत. फ्रान्समध्ये बोर्दोला २००३ पासून जुन्या भागात वीज जमिनीतल्या पट्टीतून देतात, नीसला २००७ पासून मोठे चौक गाडी बॅटरीवर पार करते. म्हणजे मिरवणुकीच्या मार्गाला लाईन छेदत असेल तेवढ्या शे-दोनशे मीटरला तार नको, बॅटरी, हे पहिल्या दिवसापासून गाडीच्या ऑर्डरमध्ये लिहा. मंडळांना बोलवून, देखाव्यांची उंची विचारून, ती मापं रिपोर्टला जोडा. मला वाटतं कुठल्याही शहरात लोकांचा सण हा रस्त्याच्या मापाइतकाच पक्का आकडा धरला पाहिजे.

जमिनीखाली काय आहे हे माहीत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. पाण्याच्या पाईप, ड्रेनेज, केबल, गॅस. आपल्याकडं चोवीस तास पाण्यासाठी रस्ते खणले गेले तेव्हा काय काय वर आलं ते प्रत्येक गल्लीनं बघितलंय. एडिनबरानं ट्राम टाकायला घेतली, खालच्या पाईपलाईनी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या, कंत्राटदाराशी वाद झाले, शेवटी २०१४ मध्ये ७७ कोटी ६० लाख पौंडांत १४ किलोमीटर झाली आणि ठरलेला समुद्राकडचा तुकडा कापावा लागला. पण त्यांची एक गोष्ट शिकण्यासारखी, गाड्या पूर्ण मार्गाच्या हिशोबानं २७ घेऊन ठेवल्या होत्या. नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, तोच पावणेपाच किलोमीटरचा तुकडा न्यूहेवनपर्यंत पूर्ण केला तेव्हा नवीन गाड्या घ्यायची वेळ आली नाही. तुम्हीही नकाशावर दर अर्ध्या किलोमीटरला एक चाचणी खड्डा धरा, खणून बघा, मगच खर्च लिहा.

डेपो. सगळे विसरतात. तेरा-चौदा गाड्या रात्री उभ्या करायला, धुवायला, चाकं घासायला पाच-सात एकर सपाट जागा तरी लागते, आणि पुढच्या विस्ताराच्या गाड्या धरल्या तर शेजारी तेवढीच मोकळी ठेवायला हवी. डेपो लाईनीच्या बंद टोकाला कोंबू नका, पुढची वाढ त्याच्या दारावरून जाईल असा ठेवा. बळ्ळारी नाल्याच्या पुराचं पाणी जिथं शिरतंय तिथं तर मुळीच नको, वडगाव, येळ्ळूर रोडच्या बाजूला जुलैत जाऊन उभं राहा आणि पाणी कुठवर येतंय ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्याइतकं अचूक कुणी सांगणार नाही. त्याच शेतकऱ्याची जमीन आपण मागणार असू तर आधी त्याच्या दारात जायचं. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी किती वर्षं लढले, कोर्टात गेले, ते आपल्या डोळ्यासमोर आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, ती जनसुनावणी मच्छ्याच्या देवळात मराठीतही घ्या, नोटीस कन्नडमधून आली तरी ज्याचं शेत जाणार त्याला त्याच्या भाषेत समजलं पाहिजे. खरं सांगू, मी शक्य तिथं शेतजमीन टाळायच्याच मताचा आहे, पडीक औद्योगिक प्लॉट आधी बघा.

गाड्या घेताना सुट्या भागांचा विचार करा. अदिस अबाबात २०१५ मध्ये लाईट रेल झाली, ४१ गाड्या आल्या, पुढं सुट्या भागांअभावी त्यातल्या बऱ्याच बंद पडून राहिल्या. उलट फ्रान्समध्ये दिजाँ आणि ब्रेस्त ह्या दोन लांबच्या शहरांनी मिळून ५२ गाड्यांची एकच ऑर्डर दिली आणि दोघांचा पैसा वाचला. बेळगाव, हुबळी आणि कोल्हापूर यांनी एकत्र येऊन एकसारख्या गाड्या घ्यायच्या ठरवल्या तर? उद्यमबागेतल्या फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये ब्रेकचे भाग, बुश, ब्रॅकेट बनवायची ताकद आहे, पण तीन शहरांची मिळून मागणी असेल तरच ते परवडणार. राज्याची हद्द मध्ये आहे म्हणून हे अवघड, पण मला हे मनापासून व्हावंसं वाटतं.

आता जे भाच्याला ऐकायला आवडलं नाही ते. ८ मिनिटाला दोनशे माणसांची गाडी म्हणजे तासाला दीड हजार. दर तीन मिनिटाला सत्तर माणसांची बस सोडली तर तासाला चौदाशे. म्हणजे मोजणीत तासाला दोन हजारांच्या खाली आकडा येत असेल तर राखीव पट्ट्यातली बस तेच काम करते, आणि रुळांच्या मानानं किती तरी स्वस्तात. हुबळी-धारवाडला २२ किलोमीटरचा चिगरी बसचा मार्ग फेब्रुवारी २०२० मध्ये रीतसर सुरू झाला, एकदा जाऊन बसून या, मधल्या पट्ट्यातून बस कशी निघते ते बघा आणि कडेच्या लेनमध्ये बाकीचे कसे अडकतात तेही बघा, दोन्ही शिकायला मिळतं. नाशिकच्या रबरी टायरच्या मेट्रो निओला २०२१ च्या केंद्रीय बजेटात २,०९२ कोटी जाहीर झाले होते, त्यानंतर काम काही उभं राहिलं नाही, म्हणून घोषणेवर प्लॅन बांधू नका. बेळगावला माझ्या मते आज पाहिजे ती बस, चांगली, वेळेवर, स्वतःच्या पट्ट्यातून. पण तो पट्टा असा आखायचा की पंधरा वर्षांनी त्यात रूळ बसतील: २५ मीटरची वळणं, ६० मीटरचे स्टॉप, खाली मोठी पाईपलाईन नाही, आणि टोकाला डेपोची जागा राखलेली. असं केलं तरच पुढं विस्तार म्हणायला काही उरतं, नाहीतर तोवर सगळीकडं अपार्टमेंट झालेली असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांची तुलना असल्याशिवाय केंद्राकडं प्रस्तावच जात नाही, आणि समाजाला होणारा आर्थिक परतावा १४ टक्के दाखवावा लागतो. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये बस, ट्रॉलीबस, लाईट रेल यांचे रकाने शेजारी-शेजारी ठेवा. रस्त्याची रुंदी राखायची ती बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, मास्टर प्लॅनमध्ये, तो मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांची मुदत असते, त्या मुदतीत लेखी द्या, कन्नड किंवा इंग्रजीत, सोबत मोजणीचे तक्ते आणि नकाशाचा तुकडा, आणि पोच घ्या. नुसतं "आमच्या भागाला रेल पाहिजे" लिहिलेल्या अर्जाला कुणी हात लावत नाही, पण "ह्या ठिकाणी सकाळी नऊ ते दहा इतकी माणसं, रस्ता इथं इतका मीटर, एवढा पट्टा राखा" असं लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

भाच्यानं नकाशा खोडून परत काढलाय. आता त्यावर एकच गडद लाईन, दुसरी तुटक, बाकी तीन पुसल्या, त्यांच्या जागी नुसत्या फुल्या मारल्यात, जिथं जिथं रुंदी राखायचीय तिथं. मोजणी अजून अर्धी बाकी आहे, येत्या मंगळवारी सकाळी आठला आम्ही पिरनवाडी क्रॉसला उभे राहणार आहोत, तिघं तरी लागतील, कुणाला यायचं असेल तर वही आणि दोन पेनं घेऊन या, एक पेन कायम पावसात बंद पडतं.